अक्का नको म्हणतात

गाईम्हशींवर लिहा, असं अंकवाल्यांनी सुचवलं होतं. सरकारी दवाखान्यातली माझी सगळी नोकरी, कधी शिरूर तालुक्यात तर कधी दौंडला, गाईम्हशींच्या मागे फिरण्यातच गेली, तेव्हा त्यांचं काही चुकलं नाही. पण गाय दूध देते, म्हैस त्याहून जास्त देते, त्यांच्याबद्दल लिहायला माणसं पुष्कळ आहेत. मांजर कुणाला काही देत नाही, उलट आपणच त्याच्या घरात भाड्यानं राहतो अशा नजरेनं बघतं. म्हणून मी मांजरीवर लिहिणार आहे, आणि त्यातही एकाच प्रश्नावर: मांजरीचं ऑपरेशन कधी करायचं?

प्रश्न ऐकून नोकरीत असताना मी स्वतः हसले असते. तेव्हा मांजर घेऊन दवाखान्यात कुणी येतच नसे. बैल आणायचे, शेळ्या आणायचे आणि मला खुर्चीत बघून विचारायचे, "डॉक्टर कुठं हायत?" मीच डॉक्टर आहे म्हटलं की पाच मिनिटं बैलाला पोटदुखीचा विसर पडायचा, मालकालाच घाम फुटायचा. निवृत्त झाल्यावर शिरूरला घराच्या पुढच्या खोलीत छोटा दवाखाना थाटला, कुत्र्यामांजरांचा. यजमान म्हणाले, माशा मारशील. पहिला आठवडा मारल्या. मग शिक्रापूरच्या भाड्याच्या खोल्यांमधली जोडपी येऊ लागली, दुकानदार आले, आणि हळूहळू वाड्यावस्त्यांवरून कांदेवाले, बाजरीवालेही आले. कारण उंदीर सगळ्यांकडेच असतात.

त्या सुरुवातीच्या दिवसांतलं एक जोडपं आठवतं. नवरा कारखान्यात, बायको घरी, दोघंही बिहारकडची. मांजर टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेली आणि बायकोचे डोळे रडून सुजलेले. मांजर दोन दिवस जमिनीवर गडाबडा लोळते, मागचा भाग वर करते, रात्रंदिवस लहान मूल रडावं तशी ओरडते. खोलीमालकीण म्हणाली विंचू चावला, शेजारीण म्हणाली कुणीतरी करणी केली. मी तपासलं. मांजर ठणठणीत होती. माझ्या हाताला डोकं घासून परत ओरडायला मोकळी. बाईनं विचारलं, "दीदी, बचेगी ना?" मी म्हटलं, "ये बचेगी, पर मोहल्ला सोएगा नहीं." मग त्यांना समजावून सांगितलं की पोरगी वयात आली आहे, बाकी काही नाही. नवरा लाजून बाहेर जाऊन उभा राहिला.

दौंडच्या एका निवृत्त रेल्वे गार्डांची तऱ्हा वेगळी. ते दर महिन्याला फोन करून 'आमच्या मनीचं आता करायचं का' असं विचारायचे. मी म्हणायची, घेऊन या. ते म्हणायचे, अजून लहान आहे, जीव धजत नाही. शेवटी मुलीच्या धाकानं पॅसेंजर ट्रेनच्या वक्तशीरपणानं, म्हणजे दीड तास उशिरा, आले. टेबलावर मनीला उलटी केली आणि मी काही बोलायच्या आत माझी मदतनीस रेखा तोंडाला ओढणी लावून आतल्या खोलीत पळाली. मनी बोका होता. गार्डसाहेब त्याला सुलट करून कुशीत घेत म्हणाले, नाव मात्र बदलणार नाही, त्याला सवय झालीये. त्याचंही ऑपरेशन केलं. बोक्याचं काम सोपं असतं, अर्ध्या तासात घरी.

मांजरीचं तसं नाही. तिचं पोट उघडावं लागतं, पिशवी आणि अंडाशय काढावे लागतात. आमच्याकडे बाकावर बसलेल्या बायका 'पिशवी काढायची' हे शब्द कानावर पडले की मांजर विसरून एकमेकींच्या पिशव्यांवर बोलू लागतात. त्या बाकावर मी जेवढं शिकले तेवढं कॉलेजातही शिकले नाही. असो. तर कधी करायचं? मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की, पहिल्यांदा माजावर यायच्या आधी केलं तर सगळ्यात उत्तम. माजावर आली असेल तर थोडं थांबायचं, कारण तेव्हा आतल्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि रक्त जास्त जातं. व्यायली असेल तर पिल्लं खायला लागेपर्यंत थांबायचं. पण फार थांबायचं नाही, कारण पिल्लं अंगावर पीत असतानाच मांजर पुन्हा गाभण राहू शकते. गाईम्हशींच्या मालकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे आणि मग मांजरीकडे आदरानं बघतात.

'एकदा तरी आई होऊ द्या, मग करू' हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. एकदा व्यायल्यानं मांजरीचा कुठलाही फायदा होत नाही, हे मी तितक्याच वेळा सांगितलंय. उपयोग होत नाही, कारण हे वाक्य म्हणणारा माणूस कधी समोर नसतोच. समोरचा म्हणतो, माझं काही नाही मॅडम, पण घरी आत्या नको म्हणतात. आजी नको म्हणतात. सासूबाई नको म्हणतात. घरोघरी एक म्हातारी बाई असते आणि तिच्या पदराआड अख्खं घर लपतं. हे मला कळलं ते ठकीमुळे.

ठकी कवठे येमाईजवळच्या एका वस्तीवरची. तिरंगी, अंगानं किरकोळ, शेपटीचं टोक मोडलेलं. वस्तीचा कर्ता दत्ता, त्याची बायको मनीषा आणि दत्ताची आई. आईंना अख्खी पंचक्रोशी अक्का म्हणते. साठी ओलांडलेल्या, काटक, बोलायला कमी. ठकी त्यांच्याच मागे मागे असायची, त्या निवडायला बसल्या की सुपाच्या कडेला बसायची. कांद्याची चाळ आणि बाजरीची पोती यांचा सगळा बंदोबस्त तिच्याकडे. आणि तिची पिल्लंही तिच्यासारखीच निघायची, मुलखाची शिकारी. त्यामुळे ठकीच्या पिल्लांसाठी लोकांनी नंबर लावलेले असायचे.

दत्ताच्या ते लक्षात आलं. दत्ता गावच्या सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहणार होता. लोक मतदारांना जेवणं घालतात, देवदर्शनाला नेतात. दत्तानं मांजरं वाटली. ठकी वर्षात तीनदा व्यायची आणि पिल्लं वाढली की दत्ता स्वतः मोटरसायकलवर पिशवीतून एकेका वस्तीवर पोचवायचा. चिन्ह त्याला पुढे कपबशी मिळालं, पण गावात लोक म्हणायचे, दत्ताचा शिक्का मांजरावर. आता हसू येतं, पण योजना वाईट नव्हती. मतदार पार्टी विसरतो. रोज पायात घोटाळणारं मांजर कसं विसरेल?

फक्त ठकीची हाडं दिसायला लागली होती. मी त्या भागात जुन्या ओळखीतल्या एकाच्या म्हशीला बघायला गेले होते तेव्हा मनीषानं मला तिच्याकडे नेलं. मी सांगितलं, हिचं ऑपरेशन करून टाका. दत्ता हात जोडून म्हणाला, "माझी ना नाय मॅडम, पण अक्का नको म्हणतात. मुक्या जनावराची कूस बंद करायची म्हंजी पाप, आसं त्यांचं हाय." अक्का तेव्हा लांब गोठ्यात शेण भरत होत्या. मीही ते खरं धरलं. म्हातारं माणूस, जुन्या समजुती. कुठे वाद घाला?

मग एका सकाळी मनीषाचा फोन आला, ठकी अडली. मी रिक्षा करून गेले. ठकी चाळीत कांद्याच्या क्रेटमागे जाऊन बसली होती, म्हणून मलाही तिथेच पालथं पडावं लागलं. कांद्याच्या वासानं डोळे वाहतात आणि बोटं आत, ते पुसायची सोय नाही. दोन पिल्लं झाली होती, तिसरं आडवं येऊन अडकलेलं. ते मेलेलंच निघालं. त्यामागे आणखी दोन आली, जिवंत. ठकी इतकी थकली होती की पिल्लं चाटायचंही त्राण नव्हतं. अक्का क्रेटवर बसून तिच्या तोंडात बोटानं पाणी सोडत होत्या. दत्तानं दारातून विचारलं, किती जगली? चार, असं मी सांगितलं. तो मनातल्या मनात वस्त्या मोजत असावा, कारण त्याचा चेहरा उतरला.

मी उठून साडीवरची कांद्याची टरफलं झटकली आणि तिघांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. आता पुन्हा गाभण राहिली तर ही मांजर वाचायची नाही. पिल्लं दुधात कुस्करलेली भाकरी खायला लागली की लगेच आणायची. आणायच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायची. आणि तोवर घरात कोंडून ठेवायची, कारण बोके काही माझं ऐकणार नाहीत. दत्ता म्हणाला, निवडणूक होऊन जाऊ द्या. मी म्हटलं, ठकी निवडणुकीपर्यंत थांबणार आहे का, ते तिला विचारा. दत्ता हसला आणि अक्कांकडे नुसतं बघून म्हणाला, "आमच्या अक्कांचं आसं हाय ना मॅडम..." अक्का पिल्लांवर पोतं पांघरत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर मी फोन करत राहिले. पिल्लांचे डोळे उघडले. पिल्लं चालायला लागली. पिल्लं भाकरी खायला लागली. दत्ता दर वेळी सांगायचा, बघतो, अक्कांना समजावतोय. माझा जीव वरखाली व्हायचा. एवढ्या गाईम्हशी हाताखालून गेल्या, पण त्या किडकिडीत मांजरीसाठी मला झोप लागेना. यजमान म्हणाले, तुला निवृत्त कुणी केलं, त्याला धरून आण.

आणि एका दुपारी दवाखान्यासमोर जीप थांबली. मागच्या बाजूनं अक्का उतरल्या. डोक्यावर कोंबड्या झाकायचं डालगं, त्याला जुनं लुगडं घट्ट बांधलेलं, आणि आतून ठकीचा शिव्या दिल्यासारखा आवाज. घरी त्या 'डोळं दाखवायला शिरूरला जाते' असं सांगून आल्या होत्या. डालगं बांधून द्यायला मनीषा सामील होती, दत्ता प्रचाराला गेला होता. मी इतकी खूश झाले की त्यांना बसा म्हणायचंही विसरले. ठकीचं पोट चाचपून बघितलं. गाभण नव्हती. अजून माजावरही आलेली नव्हती. म्हणजे वेळ अगदी बरोबर गाठली होती.

"उपाशी आहे ना?" मी हातमोजे काढत विचारलं.

"व्हय तर. कालच्यान् उपास धरलाय तिनं. म्या बी धरलाय तिच्यासंगं."

"काहीच खाल्लं नाही?"

"कायबी न्हाई. सकाळी वाटीभर दूध. आन् माझ्यातली वाईच भगर, दह्यासंगं."

रेखा पुन्हा ओढणी शोधायला लागली. मी कपाळाला हात लावला आणि मग मलाच हसू आवरेना. आमच्याकडे उपास म्हणजे भाकरी नाही, एवढंच. दूध, भगर, शेंगदाण्याची आमटी सगळं चालतं, उलट उपासाला जरा जास्तच होतं. मी उपाशी ठेवा म्हटलं, अक्कांनी ठकीला निष्ठेनं उपास घडवला होता. मी त्यांना सांगितलं की भूल दिल्यावर पोटातलं वर येतं आणि श्वासनळीत जातं, मांजर टेबलावरच जाईल, म्हणून पोट खरोखर रिकामं लागतं. देवाचा उपास नाही, निर्जळीच्या जवळ जाणारा. अक्कांचा चेहरा इवलासा झाला. उद्या करू, आज घरी न्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्या म्हणाल्या की घरी नेली तर परत आणता यायची नाही.

म्हणून त्या माझ्याकडेच राहिल्या. ठकीला पिंजऱ्यात ठेवलं, अक्कांनी त्याच्यासमोर चटई टाकली. संध्याकाळी यजमानांनी चहा केला, अक्कांनी तो घेतला नाही. ठकीला बंद तर मलाही बंद, असं म्हणाल्या. माझी समजूत काढायची खोड, मी सांगून बघितलं की अक्का, तुम्ही आणलंत ते बरं केलं, पाप वगैरे काही नसतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. पाप कोण म्हणलं, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्हीच ना. दत्ता सांगत होता, अक्का नको म्हणतात.

अक्का थोडा वेळ पिंजऱ्याच्या जाळीत बोट घालून बसल्या. ठकी ते बोट चाटत होती. मग त्यांनी सांगितलं की त्यांना या बाबतीत आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. दत्तानं नाही, मनीषानं नाही, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्हीही नाही. ते खरंच होतं. मग त्या हळूहळू स्वतःचं बोलू लागल्या. लग्न लवकर झालं, पहिलं मूल लगेच, आणि मग एक पोर कडेवर, एक पोटात असं चालूच. पाच झाली, तीन राहिली. कधी व्हावं, कधी थांबावं हे सासूनं ठरवलं, नवऱ्यानं ठरवलं, आणि शेवटी एक दिवस जीपनं ठरवलं. भाकरी थापत होत्या, शिबिराची जीप आली, चल म्हणाले, पिठाचे हात धुऊन बसल्या. संध्याकाळी टाके घालून परत.

मी विचारलं, राग आला होता का?

"राग कसला? लई बरं वाटलं," अक्का म्हणाल्या. "पर बाई, कुणी इचारलं आस्तं तर म्या आधीच व्हय म्हणले आस्ते. दोन बाळंतपणं आधी."

गेलेली दोन कुठली, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. रेखा दिवा लावायला आली होती ती तशीच उभी राहिली. मग अक्का स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, ही तरी काय बोलणार, मुकी. हिच्या वतीनं मीच हो म्हणते. मी उगाचच यजमानांना चहा गोड झाला म्हणून बोलले.

सकाळी मी भुलीचं इंजेक्शन भरत असताना दारात बोलेरो थांबली. दत्ता, खादीचा कडक शर्ट, गळ्यात उपरणं, मागे दोन कार्यकर्ते. मनीषानं शेवटी सांगून टाकलं असावं. तो कार्यकर्त्यांना बाहेर ठेवून आत आला आणि मला नम्रपणे म्हणाला की मॅडम, थोडं थांबा, लोकांना शब्द दिलाय, पुढच्या वेताची पिल्लं कबूल केलीत, एवढं एक वेत होऊ द्या, मग मी स्वतः आणतो. मी म्हटलं, अडचण तुमची नव्हती ना? अक्का नको म्हणत होत्या ना? त्या आता हो म्हणतायत.

दत्तानं मागे वळून बघितलं. अक्का चटईवरून उठून उभ्या राहिल्या होत्या, ठकी त्यांच्या कडेवर.

"दत्तू, म्या कवा नको म्हणले रं?"

दत्ता म्हणाला, "तसं न्हाई अक्का, म्हंजी मला वाटलं, तुमचं मन..."

"माझं मन तुला ठावं हाय व्हय? मग सांग की आता, काय हाय माझ्या मनात."

एवढा निवडणूक लढवणारा गडी, माइक हातात दिला तर तासभर बोलेल, पण तिथे तो उपरण्याची टोकं जुळवत राहिला. बाहेरचे कार्यकर्ते मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे बघत होते. अक्कांनी ठकीला माझ्या हातात दिलं, तिच्या मोडक्या शेपटीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, करा बाई.

मी केलं. माझ्या आयुष्यात मोठमोठ्या म्हशींची पोटं उघडून झाली आहेत, पण त्या दिवशी हात जितका जपून चालला तितका क्वचित. पिशवी बाहेर काढली तेव्हा कळलं की आपण किती वेळेत आहोत. जिथे ते पिल्लू अडकलं होतं तिथे पिशवीची भिंत कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती. पुढचं वेत तिथून फुटलं असतं. टाके घालून झाल्यावर मी दत्ताला आत बोलावून ती काढलेली पिशवी दाखवली. दत्ता शेतकऱ्याचा पोर, त्याला जास्त सांगावं लागलं नाही. त्यानं उपरणं काढून खिशात कोंबलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, शुद्धीवर कधी येईल?

ठकी शुद्धीवर आली ती झिंगलेल्या माणसासारखी. उठायला गेली आणि पाण्याच्या वाटीत तोंड घालून बसली. संध्याकाळी तिनं चार घोट दूध घेतलं. मगच अक्कांनी आपला उपास सोडला, त्याच पातेल्यातल्या दुधावर. मी म्हटलं, अक्का, पोळी घ्या, भाजी घ्या. त्या म्हणाल्या, आधी दूधच बरं असतं. दोघींना शेजारी शेजारी बसून दूध पिताना मी पाहिलं. नोकरीत बक्षिसं, प्रमाणपत्रं मिळाली ती कुठल्या कपाटात आहेत आठवत नाही, हे चित्र मात्र आठवतं. दत्ता तोवर बाहेरच थांबला होता, कार्यकर्त्यांना त्यानं केव्हाच पाठवून दिलं होतं. निघताना डालगं त्यानं स्वतः उचललं, आणि बोलेरो इतकी हळू नेली की मागून सायकलवाले घंटी मारत गेले.

कबूल केलेल्या पिल्लांचा प्रश्न राहिलाच. शेवटच्या वेताची चारच पिल्लं आणि वाट बघणाऱ्या वस्त्या त्याच्या तिप्पट. अक्कांनी ते काम दत्ताकडून काढून स्वतःकडे घेतलं. त्यांच्याकडची जुनी रीत अशी की मांजर फुकट द्यायचं नाही, बदल्यात ओंजळभर बाजरी घ्यायची, म्हणजे मांजर त्या घराला धरून राहतं. मधल्या काळात दत्तानं घाईघाईत ती रीत मोडली होती. अक्कांनी परत सुरू केली, आणि बाजरीबरोबर घेणाऱ्याच्या बाईकडून शब्द घ्यायला सुरुवात केली. पुरुषाकडून नाही, बाईकडून. पोरगी असेल तर सहा महिन्यांची व्हायच्या आत शिरूरला न्यायची. पिल्लू न मिळालेल्यांना त्यांनी सांगितलं, शेजारच्या मांजरावर भागवा, उंदरामागं ते तुमच्याकडेही येईलच. दत्ता निवडून आला. थोडक्यात आला, पण आला. कपबशीमुळे की मांजरांमुळे, यावर कवठ्यात अजून वाद आहे.

ठकी आता गुबगुबीत झाली आहे. मनीषा फोटो पाठवते. चाळीतले उंदीर अजून तिचेच, पण आता पूर्वीसारखी धावत नाही. कोपऱ्यात बसून वाट बघते आणि एकच झेप टाकते. मनीषाचं म्हणणं, अक्कांकडून शिकली.

आणि माझा दवाखाना? मध्यंतरी एका सोमवारी मी दार उघडलं तर बाकावर तीन डालगी. एक कवठ्याचं, ते ओळखलं, ठकीची लेक, आईसारखीच तिरंगी. दुसरं शेजारच्या गावचं. तिसरं तळेगाव ढमढेरेच्या एका बाईंचं, त्या कधी कवठ्याला गेलेल्याही नव्हत्या. बहिणीच्या जावेच्या कुणाकडून त्यांनी ऐकलं होतं. तिघींनी मला एकच गोष्ट सांगितली: मांजरीचं पहिल्या माजाच्या आत करून घ्यायचं, रात्रीपासून पोटात काही जाऊ द्यायचं नाही, दूधसुद्धा नाही आणि भगर तर नाहीच, असं अक्का म्हणतात. तळेगावच्या बाईंना अक्का कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, ती शिरूरची कुणी मोठी डॉक्टर असावी.

दुपारी मला राहवलं नाही. इतकी वर्षं लोक अक्कांच्या नावावर वाटेल ते खपवत आले, आता पुन्हा तेच सुरू झालं की काय, अशी शंका आली. मनीषाला फोन लावला आणि अक्कांना द्यायला सांगितलं. म्हटलं, अक्का, इकडे तळेगावपासून बायका येतायत आणि अक्का असं म्हणतात, अक्का तसं म्हणतात सांगतायत. तुम्ही खरंच म्हणालात, का परस्परच चाललंय?

पलीकडून सूप पाखडल्याचा आवाज येत होता. तो थांबला.

"व्हय बाई," अक्का म्हणाल्या. "ह्या खेपंला म्याच म्हणले."